वारशाने आलेलं युद्धकाळातलं पिस्तूल: ठसे, कागद आणि किंमत

प्रश्न थोडक्यात असा. दादरच्या घरात आजोबांच्या निधनानंतर लोखंडी ट्रंक उघडली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत होते. ट्रंकेत चामड्याच्या होल्स्टरमध्ये एक छोटं काळं पिस्तूल निघालं. डाव्या बाजूला बेरेटाचं नाव, '९ कोर्टो', १९४२ आणि त्यापुढे दोन फुल्या. सोबत सहा-सात काडतुसं आणि अनेक वर्षं नूतनीकरण न झालेला परवाना. हे नेमकं काय, अस्सल आहे का, किंमत किती, आणि ब्रासोने चकचकीत करून ठेवावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. ब्रासो, लिंबू, सॅंडपेपर, नारळाच्या शेंड्या, काहीही लावू नका. पोलादावरचा निळसर-काळा थर, म्हणजे ब्ल्यूइंग, ब्रासोने काही मिनिटांत निघतो. त्याबरोबर पोलादावर मारलेल्या ठशांच्या कडा जातात आणि किंमतही जाते. हे नुकसान भरून निघत नाही. नवीन ब्ल्यूइंग करता येतं, जुनं परत आणता येत नाही.

आता कागद. भारतात किमतीची सुरुवात पिस्तुलापासून होत नाही, कागदापासून होते. परवानाधारक वारल्यावर त्याचा परवाना वारसाच्या नावावर आपोआप होत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ज्याचा ताबा कोणत्याही कारणाने कायदेशीर राहिला नाही, त्याने शस्त्र आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात, किंवा ठरलेल्या अटींवर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीच्या ताब्यासाठी किमान २ ते ५ वर्षं आणि प्रतिबंधित शस्त्रासाठी किमान ७ ते १४ वर्षं शिक्षा आहे. काडतुसांनाही परवाना लागतो, त्यामुळे ती कपाटात मागे ठेवून फक्त पिस्तूल देणं हा मार्ग नाही.

पिस्तूल पिशवीत घालून टॅक्सीने दुकानात नेऊ नका. ते नेणं हाही बेकायदा ताबाच ठरू शकतो. लेखी अर्ज तयार करा: आजोबांचं नाव, मृत्यूची तारीख, परवान्याचा क्रमांक, शस्त्र कुठे आणि कधी सापडलं. तो पोलीस ठाण्यात द्या आणि शस्त्र घरून ताब्यात घेण्याची विनंती करा. परवाना मुळीच सापडत नसेल, तर ठाण्यात जाण्याआधी फौजदारी वकिलाला गाठा आणि त्याच दिवशी जा. दिवस जातील तसं 'आत्ताच सापडलं' हे सांगणं अवघड होतं.

पावती घेताना घाई करू नका. 'एक जुने पिस्तूल' एवढीच नोंद झाली, तर पुढे काहीही सिद्ध करता येत नाही. पावतीवर उत्पादक, मॉडेल, कॅलिबर (नळीचं माप), पूर्ण सिरियल नंबर, मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) किती, काडतुसं किती, होल्स्टर आहे की नाही, मुठीच्या प्लेट शाबूत आहेत का, हे सगळं हवं. होल्स्टर वेगळं ठेवायला सांगा, ही विनंती लेखी करा. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहतात. मुंबईच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि जिथे जिथे पोलादाला टेकतं तिथे खड्डे पाडतं. होल्स्टरमधल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा मेणचट थर दिसत असेल, तर तेच रसायन पिस्तुलावरही काम करत होतं असं समजा. परवाना शाखेची हरकत नसेल, तर ठाण्याच्या मुद्देमाल खोलीपेक्षा परवानाधारक विक्रेत्याकडची सुरक्षित ठेव बरी. शुल्क पडतं, पण शस्त्र तेल लावून कोरड्या तिजोरीत राहतं.

जमा केल्यावर स्वस्थ बसू नका. ठरलेल्या मुदतीत वारसाने ते परत घेतलं नाही किंवा हक्काच्या माणसाला विकलं नाही, तर जमा शस्त्र सरकारजमा करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. मुंबईत परवाना देणारा अधिकारी पोलीस आयुक्त, म्हणजे अर्ज क्रॉफर्ड मार्केटच्या आयुक्तालयाकडे. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, बाकीच्या वारसांची ना हरकत आणि फॉर्म ए-१, म्हणजे परवान्याचा अर्ज, ही मुख्य कागदपत्रं. ना हरकत आधी मिळवा. फाइल अडते ती बहुतेकदा पुण्याच्या किंवा परदेशातल्या भावंडाच्या सहीवर. परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक आहे का, तेही पाहा. जुन्या परवान्यावर तो नसला तर अर्जात ते स्वतःहून लिहा.

आता पिस्तूल. खालची तपासणी पोलीस किंवा विक्रेत्याच्या हाताने, त्यांच्यासमोर करायची. भरलेलं आहे की नाही हे न पाहता आपण हात लावायचा नाही. आधी मॅगझिन काढतात, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढून नळीच्या तोंडाशी काडतूस आहे का ते डोळ्याने आणि बोटाने पाहतात. क्रम उलटा केला तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत जातं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा समज जीव घेतो. युद्धकाळातली बरीच पिस्तुलं मॅगझिन नसतानाही नळीतलं काडतूस उडवतात.

वर्णनावरून तुमचं पिस्तूल बेरेटा मॉडेल १९३४ दिसतं, इटलीच्या लष्कराचं दुसऱ्या महायुद्धातलं मुख्य पिस्तूल. खुणा अशा: स्लाइडचा वरचा भाग कापलेला, त्यातून नळी उघडी दिसते. घोड्याला, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या मागच्या भागाला, गोल भोक. मुठीच्या तळाशी डाव्या अंगाला दोरीची कडी. मॅगझिनच्या बुडाला करंगळी टेकायला पुढे आलेला आकडा. काळ्या प्लेटांवर 'पीबी' हे जोडाक्षर. मॅगझिनमध्ये ७ काडतुसं. स्लाइडच्या डाव्या बाजूच्या ओळीत उत्पादकाचं नाव, '९ कोर्टो', '१९३४', गार्दोने हे गाव आणि शेवटी वर्ष असतं.

त्या दोन फुल्या म्हणजे रोमन वीस. मुसोलिनीच्या राजवटीने ऑक्टोबर १९२२ पासून स्वतःची वर्षगणना चालवली होती. विसावं वर्ष ऑक्टोबर १९४१ च्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबर १९४२ च्या अखेरीस संपलं. म्हणजे तुमचं पिस्तूल १९४२ च्या पहिल्या दहा महिन्यांतलं. १९४२ पुढे एकवीस असतं तरी चाललं असतं, ते वर्षअखेरचं ठरलं असतं. १९४२ पुढे अठरा किंवा तेवीस असतं, तर स्लाइड बदललेली किंवा ठसा नंतर मारलेला, असा संशय घ्यावा लागला असता. ही जुळणी विक्रेतेसुद्धा अनेकदा पाहत नाहीत, तुम्ही पाहा.

मग फ्रेमच्या मागच्या भागात मुकुट आणि त्याखाली 'आरई' शोधा. ती लष्कराची खूण. 'आरएम' नौदलाची, 'आरए' हवाई दलाची. टॉर्च समोरून मारू नका, आडवी, पृष्ठभागाला घासून जाईल अशी धरा. पुसट ठशाच्या कडेला सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. उजव्या बाजूला फ्रेमवर आणि स्लाइडवर सिरियल नंबर असतो. दोन्ही एकच हवेत. वेगळे असतील तर दोन पिस्तुलांचं एक झालंय. ते लष्करी कारखान्यातही झालेलं असू शकतं, पण संग्राहक त्याचे पैसे कापतोच.

साल घरच्या कहाणीशीही ताडून पाहता येतं. मराठा पलटणी १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियात केरेनला लढल्या, पुढे इटलीत. यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या वरच्या टायबर खोऱ्यातल्या आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घरात कोणी 'हे केरेनचं' म्हणत असेल, तर १९४२ चं पिस्तूल तिथलं असू शकत नाही. इटलीचं म्हणत असतील तर जुळतं. पण जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. किंमत वाढवतात ते कागद: सेवा पुस्तिका, पलटणीचं नाव, शस्त्र जवळ ठेवण्याची त्या काळची लेखी परवानगी, आणि सर्वात मोलाचा तो पहिला परवाना ज्यावर हाच सिरियल नंबर आहे. ट्रंकेतला एकही चिटोरा टाकू नका.

आता जिथे पैशाचा खरा फरक पडतो तो मुद्दा: कॅलिबर. १९३४ चं जुळं भावंड म्हणजे मॉडेल १९३५. रूप तेच, पण कॅलिबर ७.६५ मिमी, म्हणजे आपल्याकडचं पॉइंट ३२. ते साध्या, अप्रतिबंधित बोअरमध्ये येतं. बोअर म्हणजे कायद्याने नळीच्या मापावरून आणि काडतुसावरून केलेला वर्ग. १९३४ चं काडतूस ९ कोर्टो, म्हणजे आखूड ९ मिमी, त्याच्या केसची (पितळी नळकांड्याची) लांबी १७ मिमी. लष्करी ९ मिमीच्या केसची लांबी १९ मिमी. शस्त्र नियम २०१६ च्या अनुसूचीत प्रतिबंधित बोअर सांगताना सर्व्हिस, म्हणजे सरकारी दलांची, काडतुसं मोजली आहेत: सर्व्हिस ९ मिमी, आणि रिव्हॉल्वरची .३८० व .४५५. घोटाळा इथेच होतो, कारण ९ कोर्टोचं इंग्रजी नावही .३८० आहे. ती दोन वेगळी काडतुसं. रिव्हॉल्वरच्या काडतुसाचं बूड अंगापेक्षा रुंद असतं, बाहेर आलेली कड असते. बेरेटाच्या काडतुसाला कड नसते, बुडाजवळ खाच असते आणि बूड अंगाएवढंच असतं. जुन्या परवान्यावर कारकुनाने नुसतं '.३८ पिस्तूल' किंवा '९ एमएम' लिहिलेलं असू शकतं, आणि त्या एका शब्दावर फाइल आयुक्तालयात राहते की केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते हे ठरू शकतं. म्हणून नळीवरचे आणि स्लाइडवरचे ठसे दाखवणारे फोटो आणि आर्मररचा (शस्त्रं तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा) किंवा विक्रेत्याचा लेखी अभिप्राय अर्जाला जोडा. वर्गवारीचा निर्णय परवाना अधिकाऱ्याचा. तो लेखी मिळेपर्यंत कोणाशीही किमतीचं बोलू नका.

मुंबईतल्या घरांतून निघणारी इतर युद्धकाळातली हत्यारं थोडक्यात सांगतो, कारण हाच प्रश्न दुसऱ्या पिस्तुलांबद्दलही पडतो.

सर्वाधिक सापडतात ती मधोमध मोडून उघडणारी ब्रिटिश रिव्हॉल्वरं. वेब्ली मार्क ६: १९१५ पासून, .४५५, ६ इंची नळी, चौकोनी मूठ. वेब्ली मार्क ४: .३८, बऱ्याच नगांवर 'वॉर फिनिश' असा ठसा. खडबडीत पृष्ठभाग पाहून तो निकृष्ट समजू नका, घाईच्या काळात पॉलिश वगळल्याची ती कबुली आहे. एन्फील्ड नंबर २: .३८, मार्क १ च्या घोड्याला टोक असतं, १९३८ पासूनच्या 'तारा' प्रकारात (मार्क १ पुढे * ही खूण) ते कापलेलं. वरच्या पट्टीवर 'आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.' असं नाव दिसलं, तर ते सरकारी वाटपाचं नसून अधिकाऱ्याने स्वतः विकत घेतलेलं. काळा घोड्याची आर्मी अँड नेव्ही इमारत त्याच संस्थेच्या दुकानासाठी बांधली होती. सरकारी मालावर रुंद बाण असतो. बाणाखाली 'आय' असेल तर भारतीय साठ्यातला. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने रीतसर विकून टाकलेला, आणि हा ठसा वारसासाठी मोठा आधार आहे. वेब्ली .४५५ च्या सिलिंडरची, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाची, मागची बाजू घासलेली नाही ना, ते पाहा. अमेरिकन .४५ ऑटोची काडतुसं बसावीत म्हणून अनेकांची ती कातली गेली. मूळ नगापेक्षा त्यांना कमी भाव, आणि जोराच्या काडतुसाने सिलिंडरला धोकाही.

स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी मॉडेल: मुठीच्या बुडाला सिरियल नंबर, त्याआधी 'व्ही'. ९ मिमी ब्राउनिंग: टोरंटोच्या इंग्लिस कारखान्याचं, १३ काडतुसांचं. नंबरात 'सीएच' असेल तर चीनसाठीच्या मागणीचं, 'टी' असेल तर इतर.

युद्धकाळातल्या जर्मन ल्यूगर पी०८ आणि वॉल्थर पी३८ वर बहुतेकदा उत्पादकाचं नाव नसून सांकेतिक अक्षरं असतात: 'बीवायएफ' म्हणजे माउझर, 'एसी' म्हणजे वॉल्थर, 'सीवायक्यू' म्हणजे स्प्रीवेर्क. ल्यूगरच्या नळीखाली ८.८२ किंवा ८.८३ असा आकडा दिसला तर ते कॅलिबर समजू नका. ते नळीच्या आतल्या कण्यांमधलं, म्हणजे वळणदार उंचवट्यांमधलं, अंतर मिलिमीटरमध्ये. ल्यूगरच्या छोट्या सुट्या भागांवर सिरियल नंबरचे शेवटचे दोन अंक मारलेले असतात. सगळे जुळले तर भाव वेगळाच, म्हणून खोटे अंकही मारले जातात. खोटा अंक कडेला उसवलेला, आजूबाजूच्या ब्ल्यूइंगपेक्षा चकचकीत आणि थोडा वाकडा दिसतो.

ब्रह्मदेशातून आलेलं जपानी नाम्बू टाइप १४ असेल, तर उजव्या बाजूच्या शोवा वर्षात १९२५ मिळवा: १९ म्हणजे १९४४. टाइप ९४ असेल तर फार जपा. डाव्या बाजूला उघडी पट्टी आहे. ती दाबली गेली तर चाप न ओढताही गोळी सुटते.

आता किंमत. परदेशी लिलावाच्या संकेतस्थळावरचा डॉलरचा आकडा रुपयांत बदलून भावंडांत वाटण्या करू नका. तो बाजार आपल्यासाठी नाही. शस्त्र परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाही, आणि १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू, म्हणजे पहिल्या महायुद्धाचं पिस्तूल, पुरावस्तू कायदा १९७२ खाली निर्यातीला बंदच आहे. इथला गिऱ्हाईक परवानाधारकच असू शकतो. १९८० च्या दशकात सर्वसामान्य परवानाधारकांसाठी आयात बंद झाली, त्यामुळे चालू स्थितीतल्या विलायती पॉइंट ३२ पिस्तुलांना इथे जो भाव येतो तो बाहेर कोणी देणार नाही. उलट बाहेर ज्या ल्यूगरवर उड्या पडतात, ते ९ मिमीचं असल्याने इथे प्रतिबंधित बोअरचा परवाना असलेल्या मोजक्याच लोकांना घेता येतं. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशातूनसुद्धा. त्यामुळे तिसरं शस्त्र सोडणाऱ्यांचा माल बाजारात आला आणि विक्रेता भाव पाडून मागू लागला.

म्हणून इथे क्रम असा लागतो: बोअरचा वर्ग, मग कागदांची साखळी, मग यंत्र चालतं का आणि नळी कशी आहे, आणि सगळ्यात शेवटी इतिहास. संग्राहकाच्या नजरेने हा क्रम उलटा आहे आणि मला तो खुपतो, पण विकताना हाच लागू होतो.

नळी पाहताना आतल्या वळणदार कण्यांच्या कडा धारदार आहेत का ते बघतात. त्या काळच्या बहुतेक काडतुसांच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत क्षार सोडणारं रसायन होतं. झाडल्यावर नळी पाण्याने धुतली नाही, तर ते क्षार हवेतली ओल ओढून खड्डे पाडत. काळी, खड्ड्यांची नळी असली तर वापरणारा गिऱ्हाईक मागे सरतो. स्लाइडला तडा, झिजलेला घोडा, मोडलेला एक्स्ट्रॅक्टर (झाडलेलं काडतूस ओढून काढणारा आकडा), सैल स्प्रिंग यांपैकी स्प्रिंग तेवढी सहज बदलते. मूळ मॅगझिन नसेल तर मोठी वजावट, कारण इथे तसं दुसरं मिळवणं कठीण. मुठीची प्लेट तडकली असेल तर मूळ तडकलेलीच राहू द्या, नवी लाकडी बसवू नका. निकेलचा मुलामा दिलेलं असेल तर लष्करी वस्तू म्हणून त्याची किंमत संपलीच, चालू पिस्तूल म्हणून काय येईल तेवढं.

पुन्हा ब्ल्यूइंग झालंय का ते ठशांवरून कळतं. मूळ अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात. पॉलिश करून रंगवलेल्यावर त्या गोलावतात, अक्षराचा तळ उथळ होतो आणि रंगाखाली गंजाचे जुने खड्डे दिसतात. उलट, नळीच्या तोंडाशी आणि मुठीच्या पुढच्या कडेला पोलाद उघडं पडलं असेल तर ती होल्स्टरची आणि हाताची झीज. ती प्रामाणिक आहे, तिला हात लावू नका. राखाडी-हिरवट इटालियन होल्स्टर, जादा मॅगझिनच्या खिशासकट मूळ असेल, तर त्याची किंमत स्वतंत्र धरा. त्याला परवाना लागत नाही.

काडतुसांच्या बुडावर 'केएफ' असेल तर ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, म्हणजे भारतात बनलेली. ती झाडून पाहण्याचा विचारही नको. पिस्तूल चालतं की नाही हे आर्मरर रिकाम्या यंत्रावर सांगतो.

शेवटी व्यवहार. किमान दोन परवानाधारक विक्रेत्यांकडून लेखी मूल्यांकन घ्या, त्यात बोअर, नंबर आणि स्थिती नमूद हवी. विक्रेता स्वतः घेण्याचा भाव आणि तुमच्या वतीने परवानाधारकाला विकून देण्याचा भाव वेगळे विचारा. दोघांतली तफावत पाहून निवडा. विक्री ठरली तर परवाना अधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी सूचना देऊन ४५ दिवस थांबावं लागतं, म्हणून पूर्ण रक्कम आधी घेऊन शस्त्र देण्याचं आश्वासन देऊ नका. विकायचंही नसेल आणि ठेवायचंही नसेल, तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरला कागदांच्या प्रतींसह पत्र लिहून विचारा. आजोबांचं नाव, पलटण आणि नंबर जुळणारा परवाना असेल, तर विचारायला हरकत नाही. फोटो कोणालाही पाठवताना सिरियल नंबरचे शेवटचे तीन अंक झाका, आणि मुकुटाखालच्या अक्षरांचा आडव्या उजेडातला फोटो जरूर ठेवा. आत्तापर्यंतच्या वर्णनात तेवढंच एक कळायचं राहिलं आहे.